थंडीत सकाळी सुरू न होणारी वर्कस्टेशन : एसएमपीएस दुरुस्तीच्या नोंदी

९ डिसेंबर

नागपुरातल्या प्रतापनगरच्या आमच्या ड्रॉइंगच्या ऑफिसात एकाच मॉडेलची चार जुनी वर्कस्टेशन आहेत. झिऑन प्रोसेसर, ईसीसी रॅम, कुठल्याशा कंपनीच्या लीजवरून परत आलेली, सेकंडहँड घेतलेली. एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्यावर, २०१२ चं लेबल आहे. काम अजून चोख करतात. मात्र गेल्या हिवाळ्यापासून एकेक करून सकाळी अडायला लागली आहेत. असली यंत्रं ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या उपयोगासाठी हे लिहून ठेवतो आहे.

आज तीन नंबर. बटण दाबलं की समोरचा दिवा एकदा लुकलुकतो, पंखा अर्धा वेढा घेतो आणि सगळं गप्प. ड्राफ्ट्समन निवांत होता. "सर, अकरा वाजेपर्यंत होऊन जाते चालू. खिडकीतून ऊन येऊ द्या." आणि खरंच झालं. दुपारी तेच मशीन दिवसभर कुरकुर न करता चाललं.

मागे एका दुरुस्तीवाल्याने हेच लक्षण पाहून "मदरबोर्ड गेला" असं सांगून टाकलं होतं. ऊन लागल्यावर बरा होणारा मदरबोर्ड मी तरी पाहिलेला नाही. संशय एसएमपीएसवर.

नवीन का घेत नाही, हे आधीच सांगतो. डबा नेहमीच्या एटीएक्सपेक्षा, म्हणजे साध्या पीसीतल्या ठरावीक मापाच्या एसएमपीएसपेक्षा, लांब आहे, बाजारातला साधा एसएमपीएस त्या खाच्यात बसत नाही. जुनाच मागवायचा तर साडेचार ते सहा हजार, आणि तोही याच वयाचा असणार.

१० डिसेंबर

आधी भिंतीतला सॉकेट मोजला. फेज-न्यूट्रल २३६ व्होल्ट, ठीक. न्यूट्रल-अर्थ मात्र ४१ व्होल्ट. हे दोन-तीन व्होल्टच्या वर असू नये. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात ही तक्रार इथलीच. अर्थिंगचं स्वतंत्र बघावं लागेल, आज फक्त नोंद.

एसएमपीएस बाहेर काढला. २४ पिनच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर आणि शेजारची काळी वायर पेपरक्लिपने जोडली की एटीएक्स एसएमपीएस मदरबोर्डशिवाय सुरू होतो. पण हे डोळे झाकून करू नका. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेलने दिसायला एटीएक्ससारखा कनेक्टर ठेवून आतल्या वायरींची जागा बदलली होती, तेव्हा जुन्या ब्रँडेड मशीनमध्ये रंग आणि जागा आधी तपासा. आमच्यात रंग नेहमीचेच निघाले.

सगळ्या लाइनी मोजल्या. पिवळी १२.१, लाल ५.०३, केशरी ३.३२, जांभळी ४.९८. चालायला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १२ ची लाइन ११.४ ते १२.६ आणि ५ ची ४.७५ ते ५.२५. सगळं उत्तम!

अर्थात वेळ दुपारी तीनची होती. सकाळचा रोग दुपारी तपासून उपयोग नाही. डबा पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून घरी आणला आणि रात्री गॅलरीत ठेवला. उघडा ठेवू नका, दव पडतं.

११ डिसेंबर

सकाळी साडेसहा, गॅलरीत कडाक्याची थंडी. वायर लावली, पेपरक्लिप न लावता आधी फक्त जांभळी मोजली. ४.१ व्होल्ट, आणि आकडा स्थिर नाही. कान लावला तर आतून टिक-टिक ऐकू येतं, सेकंदाला दोन-तीनदा.

जांभळी म्हणजे ५ व्होल्ट स्टँडबाय. मशीन बंद असलं तरी भिंतीतलं बटण चालू असेपर्यंत ही लाइन जिवंत असते, कारण समोरचं बटण दाबल्याचं मदरबोर्डला हिच्याच जोरावर कळतं. ही अशक्त असेल तर पुढचं काहीच होत नाही. टिक-टिक म्हणजे स्टँडबायचं छोटं सर्किट सुरू व्हायचा प्रयत्न करतं, पडतं, पुन्हा प्रयत्न करतं.

बायकोचा हेअर ड्रायर घेतला (परवानगी नंतर). जाळीतून गरम हवा मारली. टिक-टिक जलद झाली, मग थांबली, आणि मीटरवर ४.९६ येऊन स्थिरावलं. आता पेपरक्लिप लावली तर पंखा पहिल्या झटक्यात फिरला.

इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर म्हातारा झाला की त्यातला द्रव आटतो आणि त्याचा आतला अडथळा, म्हणजे ईएसआर, वाढतो. थंडीत तो आणखी वाढतो, गरम केला की उतरतो. त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात चालणारं मशीन डिसेंबरात अडतं, आणि सगळ्यांना वाटतं की थंडीने बिघडलं. नुकसान उन्हाळ्यातच झालेलं असतं.

थोडा हिशोब मांडला. कॅपॅसिटरवर "१०५ अंश, २००० तास" असं लिहिलेलं असतं. तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. आत ५५ अंश धरले तर पाच वेळा दुप्पट, म्हणजे ६४,००० तास. चोवीस तास बटण चालू असेल तर ही सव्वासात वर्षं झाली. मुख्य सर्किटचे कॅपॅसिटर दिवसाला आठ-नऊ तासच राबतात आणि तेव्हा पंख्याचा वाराही असतो. स्टँडबायचे कॅपॅसिटर रात्रंदिवस राबतात, आणि मशीन बंद असताना पंखा बंद असल्यामुळे कोंडलेल्या उष्णतेत. म्हणून आधी मरतात ते हेच. मोठा कॅपॅसिटर फुगलाय का हे बघण्यात लोक वेळ घालवतात. तो बहुतेकदा ठणठणीत असतो.

१३ डिसेंबर

डबा उघडला. आधी एक इशारा, आणि हा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. मोठ्या कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतात, पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्या एसएमपीएसमध्ये ३८० च्या वर. वायर काढल्यावर हा साठा एरवी स्टँडबाय सर्किटच हळूहळू खाऊन टाकतं. पण आपण दुरुस्तीला घेतलाय तो डबा नेमका स्टँडबाय मेलेला असतो, त्यामुळे साठा तसाच बसून राहू शकतो. होल्डरला दोन वायर जोडलेला १०० वॅटचा तारेचा बल्ब कॅपॅसिटरच्या पायांना लावायचा, नंतर मीटरने शून्य झाल्याची खात्री करायची. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका.

आत धूळ नव्हती, धुळीचं सारवण होतं. मार्च ते जून आमच्याकडे डेझर्ट कूलर चालतो. कूलरची ओली हवा आणि बाहेरची धूळ मिळून बोर्डावर असा थर बसतो की ब्लोअरने हलत नाही. ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा लागला. कूलरच्या झोतासमोर कॅबिनेट ठेवल्याने मशीन थंड राहतं हा ऑफिसातला समज होता. चार नंबरचं मशीन त्या झोतात होतं. त्याची कहाणी पुढे येईल.

एकही कॅपॅसिटर फुगलेला नाही. फुगण्यावर विसंबू नका. बारीक कॅपॅसिटरच्या डोक्यावर फुटण्यासाठीच्या खाचाच नसतात, ते गुपचूप आटतात. ईएसआर मीटर लावला. स्टँडबाय आयसीच्या शेजारचा, हीटसिंकला चिकटून बसवलेला ४७ मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा. क्षमता ३१ दाखवतो, म्हणजे नुसतं कपॅसिटन्सचं मीटर लावलं असतं तर "उतरलाय, पण चालेल" म्हणून सोडून दिला असता. ईएसआर मात्र १४ ओहम! नव्याला हा एकाच्याही खाली असतो. आउटपुटकडच्या १००० मायक्रोफॅरड १० व्होल्टच्या दोघांपैकी एक १.८ ओहमवर गेलेला. तिथे ०.०५ च्या आसपास हवा.

१६ डिसेंबर

सामानासाठी बर्डीत (सीताबर्डीच्या बाजारात) जायचं तर विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू. मॉरिस कॉलेज टी पॉइंटला मोर्चा अडवलेला, गाडी लांब लावून पायी. अधिवेशनाच्या दिवसांत सामान आणायचं असेल तर सकाळी दुकानं उघडताच जा.

बर्डीतल्या मोदी नंबरच्या गल्ल्यांत ४७/५० (४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट) लगेच मिळतो, दोन-तीन रुपयांना, पण ८५ अंशांचा आणि साधा. तो घालून मशीन चालेल. एक उन्हाळा, फार तर दोन. १०५ अंश लो ईएसआर मागितला की दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो. एका दुकानातल्या काकांनी ड्रॉवर उपसून काढून दिले. "भाऊ, हे कोणी मागतच नाही. सगळे म्हणतात स्वस्तातला द्या." १२ रुपये नग. मी खिशातून ईएसआर मीटर काढून काउंटरवरच मोजले, त्यांना राग आला नाही, उलट मीटर कितीला घेतला ते विचारलं. मोजून घ्याच. वर्षानुवर्षं दुकानात पडून असलेला "नवा" कॅपॅसिटरही आटलेला असू शकतो.

१०००/१० चा व्यासाने बसणारा मिळाला नाही. तो ऑनलाइन मागवला. माल वीस रुपयांचा, कुरिअर ऐंशीचं. म्हणून चारही डब्यांना पुरतील एवढे एकदम मागवले.

२० डिसेंबर

कुरिअर आलं. सोल्डर काढताना सगळ्यात जास्त वेळ गेला. २५ वॅटच्या इस्त्रीने (आमचा इलेक्ट्रिशियन सोल्डरिंग आयर्नला इस्त्रीच म्हणतो) बोर्डाच्या ग्राउंडच्या पट्ट्यावरचं सोल्डर वितळतच नाही, जाड तांबं सगळी उष्णता ओढून घेतं. जोर लावला तर पॅड उखडतं. ६० वॅटची आणली, आधी जुन्या सांध्यावर थोडं नवं सोल्डर घातलं, मग पंपाने ओढलं. नवं सोल्डर घालणं उलटं वाटतं, पण त्यानेच जुनं शिसेविरहित सोल्डर सुटतं.

नवा ४७/५० जुन्यापेक्षा उंच निघाला आणि झाकणाला टेकायला लागला. पाय वाकवून आडवा झोपवला, खाली उष्णता सोसणाऱ्या स्लीव्हचा तुकडा. आडवा झोपवताना हीटसिंकपासून दूर झोपवा, नाहीतर सगळं मुसळ केरात.

पहिलं चालू करणं नेहमी सिरीज बोर्डावर, म्हणजे लाइनच्या वाटेत एक बल्ब घालून. बल्ब क्षणभर लागून मंद झाला तर शॉर्ट नाही. भक्क लागून राहिला तर लगेच काढा. मंद झाला. मग थेट लाइनवर: जांभळी ५.०१. रात्री पुन्हा गॅलरीत.

२१ डिसेंबर

सकाळी ४.८. टिक-टिक गेली, पण पूर्ण बरं नाही, आणि तासाभराने ४.९७. कॅपॅसिटर पुन्हा मोजले, निर्दोष. सोल्डरचे सांधे पुन्हा तापवले, फरक नाही. दिवस यातच गेला.

संध्याकाळी भिंग लावून बघताना गोंद दिसला. कारखान्यात मोठे कॅपॅसिटर हलू नयेत म्हणून पिवळसर गोंद ओततात. नवा असताना तो वीज वाहत नाही. वर्षानुवर्षं तापला की चॉकलेटी, मग काळपट होतो, आणि ओल शोषली की थोडी वीज वाहायला लागतो, शिवाय खालचे पाय गंजवतो. आमच्या डब्यात हा काळा पडलेला गोंद स्टँडबायच्या फीडबॅककडच्या दोन रजिस्टन्सवर पसरला होता. एका पायाभोवती हिरवा गंज. दोन पायांमधला गोंद मोजला तर काहीशे किलोओहम. तिथे काहीच दिसायला नको होतं. थंडीत सकाळी हवेत दव असतं, म्हणून सकाळी जास्त.

खरवडून काढायला बांबूची काडी वापरली. ब्लेडने बोर्डाचा मुलामा निघतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, गंजलेला रजिस्टन्स बदलला. कॅपॅसिटर बदलण्याच्या आधीच हा गोंद काढायचा. पिवळा असेल तर राहू द्या, चॉकलेटी असेल तर काढा.

२२ डिसेंबर

सकाळी सव्वासहाला ५.०१. पहिल्या झटक्यात सुरू.

नुसता पंखा फिरवून एसएमपीएस पास करायचा नसतो, वजन टाकावं लागतं. स्पेअर पार्टच्या दुकानातून मोटारीच्या हेडलाइटचे १२ व्होल्टचे बल्ब आणले. ५५ वॅटचा एक बल्ब पाच अँपिअरच्या आसपास ओढतो. तीन एकदम लावून चालू केलं तर एसएमपीएस तडक बंद! इथे बरेच जण डबा पुन्हा उघडतात. दोष डब्याचा नाही. थंड तारेचा अडथळा तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्शाएवढा असतो, त्यामुळे पहिल्या क्षणी पंधराऐवजी शे-दीडशे अँपिअरची मागणी होते आणि संरक्षण उडतं. एकेक बल्ब क्षणभराच्या अंतराने जोडला तर तीनही आरामात लागले. अर्धा तास ठेवले, पिवळी ११.९ च्या खाली गेली नाही.

ओळखीतल्या एका प्राध्यापकांच्या लॅबमध्ये डीएसओवर (डिजिटल ऑसिलोस्कोपवर) रिपल, म्हणजे डीसी लाइनवरची बारीक थरथर, पाहिलं. १२ च्या लाइनवर १२० मिलीव्होल्ट आणि ५ च्या लाइनवर ५० मिलीव्होल्टपर्यंत चालतं. जांभळीवर २५ निघालं. दोन नंबरचा न उघडलेला डबा कुतूहल म्हणून सोबत नेला होता. त्याची जांभळी मीटरवर ५.०० दाखवते आणि डीएसओवर २६० मिलीव्होल्टची कंगव्यासारखी रेघ. साध्या मीटरवर हे दिसत नाही.

२८ डिसेंबर

उरलेले तीन.

दोन नंबर: वरच्याच सगळ्या गोष्टी, शिवाय रेंडर लावलं की वीस मिनिटांत बंद. पंख्याचं बेअरिंग अडकलेलं. बॉल बेअरिंगचा ८० मिलिमीटरचा पंखा २४० रुपयांना घेतला, बसवला, आणि तो फिरेचना. एसएमपीएस तापमान पाहून पंख्याला व्होल्टेज देतो, थंड असताना पाचच्या आसपास. नव्या पंख्याला सुरू व्हायलाच सात लागत होते. दुकानदाराने बदलून दिला. दुसरा पंखा पाच व्होल्टच्या यूएसबी चार्जरवर लावून पाहिला, फिरला, मग घेतला.

एक नंबर: सकाळी नीट सुरू होतो, पण लाइट गेली की यूपीएस असूनही रीस्टार्ट. सगळे यूपीएसला शिव्या देत होते. तोच यूपीएस दुरुस्त केलेल्या तीन नंबरला लावला तर रीस्टार्ट नाही. म्हणजे दोष डब्यात. यूपीएस बॅटरीवर यायला काही मिलीसेकंद घेतो, तेवढा वेळ मोठ्या कॅपॅसिटरने धरून ठेवायचं असतं. नव्या एटीएक्सकडून पूर्ण वजनावर १६ मिलीसेकंदांची अपेक्षा असते. आमचा ३९० मायक्रोफॅरडचा मोजला तर २३०. वर मी म्हणालो की मोठा बहुतेकदा ठणठणीत असतो, हा त्यातला अपवाद. ३९०/४५० चा ३६० रुपयांना आला, आणि बदलल्यावर यूपीएसचा प्लग भिंतीतून उपटून पाहिला, मशीन हललं नाही. तरीही एक सावधगिरी: पीएफसी असलेल्या काही एसएमपीएसना स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर मुळातच मानवत नाही. तिथे कॅपॅसिटर बदलून काही होणार नाही, शुद्ध साईन वेव्हचा यूपीएसच लागतो.

चार नंबर, कूलरसमोरचा: फ्यूज काळा. फ्यूज असा काळा झाला असेल तर नुसता बदलून चालू करू नका, पुढे शॉर्ट आहेच. सिरीज बोर्डावर बल्ब भक्क लागला. पीएफसीचे दोन्ही मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट, त्यांना चालवणारा आयसी फुटलेला, त्यांच्या गेटचे रजिस्टन्स जळून ओपन झालेले. सुट्या भागांचीच किंमत हजाराच्या वर, आणि एक भाग चुकला तर सगळे पुन्हा उडणार. सोडून दिला. त्याचा पंखा, कनेक्टर, वायरींचा गुच्छ आणि चांगली ट्रान्सफॉर्मर काढून ठेवली. त्या मशीनसाठी जुना डबा पाच हजार दोनशेला मागवला.

३ जानेवारी

इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग. खड्डा इमारतीच्या मागे, त्यावर पेव्हर बसवलेले, वायर गंजून तुटलेली. अर्थ नसला की एसएमपीएसच्या फिल्टरमधल्या कॅपॅसिटरमुळे कॅबिनेटवर मेन्सच्या अर्ध्याएवढे व्होल्ट तरंगतात, म्हणून त्या झिणझिण्या. नवी पट्टी, कोळसा, मीठ, आणि पाणी घालायला वर पाइप ठेवला. न्यूट्रल-अर्थ आता १.४ व्होल्ट. खर्च ३,८००. एप्रिल-मेमध्ये त्या पाइपमध्ये पाणी घालायचं काम वॉचमनदादांकडे दिलं आहे.

पाच हजार दोनशेचा जुना डबाही आला. चालवण्याआधीच उघडला: तोच ४७/५०, ईएसआर ९ ओहम. विकणाऱ्याने "टेस्टेड ओके" लिहिलं होतं, आणि त्याच्या गरम दुकानात तो ओके असेलही. बदलून मगच बसवला.

खर्च: तीन डब्यांचे सगळे कॅपॅसिटर, कुरिअर आणि पंखा मिळून ९७० रुपये. ६० वॅटची सोल्डरिंग आयर्न ३५०. ईएसआर मीटर आधीचाच. चौथ्याचे ५,२०० वेगळे.

चारही मशीनच्या सॉकेटना ऑफिसच्या दाराजवळ एक १६ अँपिअरचा स्विच लावून घेतला. शेवटी जाणाऱ्याने तो बंद करायचा, म्हणजे स्टँडबाय रात्रभर जळत नाही. रोज बंद असल्यामुळे मदरबोर्डवरच्या, घड्याळ आणि सेटिंग जपणाऱ्या सीआर२०३२ सेलवर आता भार येईल. चारही सेल बदलले, ४० रुपये नग. कूलर यंदा खिडकीच्या दुसऱ्या बाजूला सरकवायचा आहे, ते खिडकीचा गज कापल्याशिवाय होत नाही. फॅब्रिकेटर संक्रांतीनंतर येतो म्हणाला आहे.